लेकीसाठी ट्रॅव्हल सॉफ्टबॉल टीम कशी निवडायची? (१०-यू म्हणजे दहा वर्षांपर्यंतच्या मुली, न्यू जर्सी)

ओवीची_आई

नमस्कार मंडळी, इथे सॉफ्टबॉलवाले पालक आहेत का कोणी? क्रिकेटचे धागे पायलीचे पन्नास सापडले, सॉफ्टबॉलचा एकही नाही, म्हणून नवीन काढतेय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

लेक नऊ वर्षांची आहे. आतापर्यंत टाउनच्या रेक लीगमध्ये खेळत होती, म्हणजे सगळ्यांना घेतात, सगळ्यांना खेळवतात आणि शेवटी सगळ्यांना ट्रॉफी आणि पिझ्झा. या उन्हाळ्यात टाउनच्या ऑल-स्टार टीममध्ये निवड झाली आणि तिथून पोरीला वेडच लागलंय. गराजच्या दारावर खडूने चौकोन काढलाय, संध्याकाळभर धाड धाड चालू असतं, दाराला पोचे पडलेत, शेजारचे आजोबा विचारून गेले की काही बांधकाम काढलंय का. ऑल-स्टारच्या कोचनेच सांगितलं की हिला आता ट्रॅव्हलला (निवडून घेतलेल्या, गावोगाव टूर्नामेंट खेळणाऱ्या टीममध्ये) घाला, रेकमध्ये हिने फेकलेला बॉल झेलायला कोणी नसतं.

तर ऑगस्टमध्ये ट्रायआउट झाल्या आणि तीन ठिकाणांहून बोलावणं आलंय.

पहिला एक मोठा क्लब आहे. नाव मोठं, स्वतःची इनडोअर जागा, पगारी कोच, १०-यूच्याच तीन टीम. हिला तिसऱ्या टीममध्ये घेतायत. फी ३००० डॉलरच्या वर, युनिफॉर्म आणि बॅग वेगळी. ट्रॅफिक नसेल तर पाऊण तास. ट्रायआउटनंतर पालकांना बसवून "कॉलेज पाथवे" म्हणून एक मोठं प्रेझेंटेशन दिलं, त्यात नऊ-दहा वर्षांच्या पोरींच्या आया मान डोलावत होत्या, मीपण डोलावली.

दुसरी शेजारच्या टाउनमधली टीम. एक बाबा कोच, दुसरे बाबा असिस्टंट, एक आई स्कोअर लिहिते. ११ मुली, फी १२०० च्या आसपास, घरापासून पंधरा मिनिटं. कोचची मुलगी पिचर (बॅटरला बॉल टाकणारी) आहे, आणि आमच्या हिलाही पिचिंगच करायचंय, तिथे माझं घोडं अडतंय.

तिसरी म्हणजे ऑल-स्टारमधल्या मैत्रिणींच्या पालकांनी मिळून काढायची ठरवलेली नवीन टीम. कोच अजून ठरायचाय, फी ठरायचीये, पण मुली सगळ्या घट्ट मैत्रिणी आणि हिला अर्थातच तिथेच जायचंय.

क्लबवाल्यांनी ४८ तासांत डिपॉझिट भरा म्हणून ईमेल पाठवलीये. नवरा म्हणतो रेकमध्ये काय वाईट होतं, रविवारी मराठी शाळा आहे, गाणं आहे, तू कशाला हे लफडं गळ्यात घेतेस. आम्हा दोघांचं बालपण खो-खो आणि गल्ली क्रिकेटमध्ये गेलंय, या खेळातलं आम्हाला ओ की ठो कळत नाही. कशावरून ठरवायचं असतं हे?

तिसरा_बेस

आधी एकच विचारा तिन्ही ठिकाणी, रोस्टरवर (टीमच्या यादीत) किती मुली घेणार? मैदानात नऊ जणी असतात. ११-१२ म्हणजे ठीक, कोणी आजारी पडली कोणी गावाला गेली तरी भागतं आणि बाकावरही कोणी फार बसत नाही. १४-१५ घेत असतील तर त्यातल्या काही फी भरणाऱ्या प्रेक्षक आहेत हे समजून चाला.

दुसरं, "सगळ्यांना बॅटिंग मिळते" असं सगळेच सांगतात. शनिवारी पूल प्लेमध्ये (साखळी मॅचमध्ये) बऱ्याच टीम अख्खं रोस्टर बॅटिंगला लावतात, ते खरं आहे. रविवारच्या ब्रॅकेटमध्ये (बाद फेरीत) काय करता ते विचारा, खरं उत्तर तिथे मिळतं.

आणि ४८ तासांचं दडपण घेऊ नका, तो सगळ्यांचा सीझनल खेळ आहे. फोन करा आणि सांगा आम्हाला एक प्रॅक्टिस बघायचीये, मग कळवतो. ऐकतात. नाही ऐकलं तर तेही उत्तरच झालं.

डगआउट_काका

तीन नंबर बेसवाल्यांशी सहमत. मी स्वतः एका १२-यू टीमला असिस्टंट कोच आहे (बिनपगारी, बायकोच्या भाषेत बिनडोक) त्यामुळे डगआउटच्या (मैदानाकडेला टीम बसते त्या जागेच्या) आतून काय दिसतं ते सांगतो, जरा मोठं होईल.

१०-यूला जर्सीवर नाव कोणाचं आहे याला काडीचीही किंमत नाही. तुमच्या लेकीसमोर मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता प्रत्यक्ष उभं कोण राहणार आणि वर्षभरात तिला मैदानात इनिंग किती मिळणार, एवढ्याच दोन गोष्टी बघा. मोठ्या क्लबमध्ये जो नावाजलेला पगारी कोच तुम्हाला प्रेझेंटेशन देतो तो बहुतेक वेळा पहिल्या टीमला किंवा १४-१६ वाल्यांना असतो. तिसऱ्या टीमला कोण आहे ते नावानिशी विचारा. "आम्ही लवकरच ठरवतोय" असं म्हणाले तर ३००० डॉलर कोणासाठी भरताय ते त्यांनाही माहीत नाहीये. सगळे मोठे क्लब असे नसतात हेही सांगतो, काही ठिकाणी तिसऱ्या टीमच्या मुलींनाही तीच पिचिंगची जागा, तेच हिवाळ्यातले केज (बॅटिंगच्या सरावाचे जाळीचे पिंजरे) मिळतात आणि मुलगी वर्षभरात वर सरकते. पण विचारल्याशिवाय कळत नाही. गेल्या वर्षी तिसऱ्या टीममधून दुसऱ्यात किती गेल्या, हा प्रश्न फार चांगला आहे, बघा कसे गडबडतात ते.

प्रॅक्टिस बघायला गेलात की कोच काय बोलतो ते ऐकू नका, मुली काय करतायत ते बघा. बारा मुली एका रांगेत उभ्या, कोच एकीला ग्राउंडर (जमिनीलगतचा बॉल) मारतोय आणि बाकीच्या अकरा जणी गवत उपटतायत, असं असेल तर दोन तासांच्या प्रॅक्टिसमध्ये तुमच्या लेकीच्या हाताला बॉल वीस-पंचवीस वेळा लागेल. तेच तीन-चार ठिकाणी छोटे गट करून कुठे टी वर (स्टँडवर बॉल ठेवून) बॅटिंग, कुठे ग्राउंडर, कुठे बेसवर स्लाइड करणं चालू असेल तर तासाभरात पोरगी घामाने निथळते. हे बघायला सॉफ्टबॉल कळावा लागत नाही.

मग एक मॅच बघा, तिथे माझी एक खूण आहे. फिल्डरच्या हातून बॉल सुटला की त्या क्षणी ती मुलगी कुठे बघते ते बघायचं. बॉलच्या मागे धावली तर टीम चांगली आहे. मान वळवून आधी डगआउटकडे बघितलं, की कोचचा चेहरा कसा झालाय, तर त्या पोरींना चुकायची भीती घातलेली आहे, आणि भ्यालेली पोरगी पुढचा बॉलही सोडते. ओरडणारा कोच लगेच ओळखू येतो हो, पण काही जण ओरडत नाहीत, नुसतं इनिंगच्या मधे मुलीला बाहेर काढून बसवतात, ते जास्त लागतं मुलींना.

आता पिचिंगचं. कोचची मुलगी पिचर म्हणजे लगेच "डॅडी बॉल" (बाबा कोच आपल्याच मुलीला पुढे करतो) असं समजू नका. बहुतेक टीम कोणाच्या तरी बाबांमुळेच चालतात, आणि बाबा पहिल्यापासून बादलीवर बसून कॅचिंग करतो म्हणून मुलगी पिचर होते हेही तितकंच खरं. बघायचं ते एवढंच की आठ रनांनी पुढे असतानाही तीच पिच करतेय का? तेव्हाही दुसऱ्या मुलीला सर्कलमध्ये (पिचरच्या जागी) पाठवत नसेल तर तुमच्या लेकीला कधीच पाठवणार नाही. आणि टीममध्ये पिचिंग शिकवतील ही आशा कुठेच ठेवू नका. विंडमिल (हात गोल फिरवून खालून बॉल टाकणं) हे वेगळं शास्त्र आहे, त्याला आठवड्याला अर्धा तास वेगळा लेसन लागतो आणि घरी कोणीतरी बादली उलटी करून समोर बसावं लागतं. नवऱ्याला तयार ठेवा. :)

अंतर आणि बॉलही वयाप्रमाणे बदलतो ते माहीत असू द्या. १०-यूला ३५ फुटांवरून ११ इंची बॉल, १२-यूला ४० फूट आणि १२ इंची बॉल, १४-यूपासून ४३ फूट. १०-यूमध्ये जोरात टाकणारी एखादी पोरगी सगळ्यांना आउट करते आणि १२-यूला तिचा बॉल प्लेटपर्यंत (बॅटर उभी असते तिथपर्यंत) येता येता मरतो, कारण नुसता जोर होता, पद्धत नव्हती. म्हणून आत्ता नऊ वर्षांच्या वयात कोण जिंकतंय याच्यावरून कोणीच टीम निवडू नये.

मनस्विनी_क

काका बादलीवरचं अगदी अगदी! आमच्याकडे "हे" बादलीवर बसून ऑफिसचे कॉल घेतात.

मी खर्चाचं लिहिते कारण फी बघून लोक तुलना करतात आणि फी हा अर्धाच खर्च असतो. फीमध्ये काय धरलंय ते लेखी मागा: टूर्नामेंट एंट्री, विमा, हिवाळ्यातली इनडोअर जागा, युनिफॉर्म. काही टीम १२०० सांगतात आणि जानेवारीत "विंटर ट्रेनिंग" म्हणून आणखी मागतात, काही ३००० मध्ये सगळं घालतात, मग तो फरक तेवढा राहत नाही.

मग बाहेरच्या टूर्नामेंटला "स्टे-टू-प्ले" नावाचा प्रकार असतो, म्हणजे त्यांनी ठरवलेल्या हॉटेलांमध्ये त्यांच्यामार्फतच बुकिंग करायचं, तुमची मावशी पाच मिनिटांवर राहत असली तरी. (परवानगी काढावी लागते, कधी देतात.) गेटवर आई-बाबांना माणशी तिकीट वेगळं. पार्किंग कुठे कुठे वेगळं. म्हणून वर्षाच्या टूर्नामेंटची यादी मागा आणि त्यातल्या किती रात्री मुक्कामाच्या ते मोजा. १०-यूला दीड-दोन तासांच्या आत खंडीभर टूर्नामेंट होतात न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियात, विमानाने जायचं काहीएक कारण नाही.

आणि वीकेंडचं स्पष्ट सांगते, मराठी शाळा आणि ट्रॅव्हल बॉल एकत्र जमत नाही सीझनमध्ये. शनिवारी दोन-तीन मॅच, त्यावर रविवारचं सीडिंग (क्रमवारी), म्हणजे रविवारी सकाळी आठला खेळायचं की दुपारी एकला ते शनिवारी रात्री कळतं. जिंकत राहिलात तर संध्याकाळ, हरलात तर दहाला घरी, आणि मग मनातल्या मनात बरं वाटतं त्याची लाजही वाटते. :) आम्ही शाळेच्या बाईंना सप्टेंबरमध्येच सांगून टाकतो की एप्रिल-मे-जून अर्धे रविवार येणार नाही, गृहपाठ पाठवा. बाई समजूतदार आहेत. नवऱ्याशी हे आत्ता बोलून घ्या, एप्रिलमध्ये नको.

कोल्हापुरी_इन_टेक्सस

इथे सगळे फारच मऊ सल्ले देतायत म्हणून मी उलटं लिहितो. मी शाळेत आणि पुढे युनिव्हर्सिटीला सॉफ्टबॉल खेळलोय, हो, महाराष्ट्रात शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल चांगला रुजलेला आहे, इथल्या लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही. माझा अनुभव एकच, आपल्यापेक्षा चांगल्यांबरोबर खेळल्याशिवाय खेळ सुधारत नाही. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. मैत्रिणींची टीम तर विसराच. कोच ठरला नाही, फी ठरली नाही, म्हणजे टीम नाहीये, व्हॉट्सॲप ग्रुप आहे. पहिल्या भांडणात फुटते, आणि भांडण मुलींचं नसतं, आयांचं असतं.

मोठ्या क्लबचा फायदा म्हणजे रोज समोर तिच्यापेक्षा सरस पोरी दिसतात. आमच्या टेक्ससात तर बारा महिने बाहेर खेळतात, तिकडे जर्सीत चार-पाच महिने थंडीचे असतात, त्यात ज्याच्याकडे इनडोअर जागा आहे त्याच्या मुली मार्चमध्ये पुढे निघून गेलेल्या असतात. पाऊण तास ड्राइव्ह म्हणजे काय, पॉडकास्ट लावा.

डगआउट_काका

@कोल्हापुरी, इनडोअर जागेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. तो खरंच मोठा आहे आमच्याकडे. दोन नंबरच्या टीमला विचारायला हवं की नोव्हेंबर ते मार्च कुठे जाता, शाळेची जिम मिळते की नाही.

पण चांगल्यांबरोबर "खेळल्याशिवाय" म्हणालात ना, तिथेच पाणी मुरतंय. चांगल्यांच्या शेजारी बाकावर बसून नाही सुधारत. आणि तिसऱ्या टीममध्ये त्या सरस पोरी नसतातच मुळी, त्या पहिल्या टीममध्ये असतात, वेगळ्या वेळेला. त्यांचा फक्त फोटो भिंतीवर दिसतो.

कोल्हापुरी_इन_टेक्सस

बरं हे बरोबर आहे. पहिल्या किंवा दुसऱ्या टीमची ऑफर असती तर मी हटलो नसतो.

नुसताच_वाचक

सॉफ्टबॉलचं काहीच कळत नाही पण धागा वाचून काढला. २०२८ ला लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आणि सॉफ्टबॉल दोन्ही परत येतायत ना? म्हणजे घरात एकाच टीव्हीवरून भांडणं.

तिसरा_बेस

हो, पण सॉफ्टबॉल लॉस एंजेलिसला नाही, ओक्लाहोमा सिटीला होणार. कॉलेजच्या मुलींची वर्ल्ड सिरीज होते त्याच स्टेडियममध्ये. लेक तेव्हा ११-१२ ची असेल, घेऊन जा ओवीच्या आई.

शिल्पा_आर

मी फिजिकल थेरपिस्ट आहे आणि क्लिनिकमध्ये सॉफ्टबॉलच्या पिचर येतात म्हणून दोन गोष्टी.

"अंडरहँड आहे म्हणजे खांद्याला काही होत नाही" हा समज फार पसरलेला आहे आणि तो चूक आहे. विंडमिलमध्ये खांद्याच्या पुढच्या बाजूवर आणि दंडावर चांगलाच ताण येतो. बेसबॉलमध्ये मुलांना पिच काउंट (किती बॉल टाकायचे याची मर्यादा) असतो, सॉफ्टबॉलच्या बऱ्याच टूर्नामेंटमध्ये तसा काही नियम नसतो, म्हणजे एकच मुलगी शनिवार-रविवार मिळून चार-पाच मॅच टाकू शकते आणि कोणी अडवत नाही. म्हणून मर्यादा कोचच्या डोक्यात असायला हवी. "एका वीकेंडला एका मुलीला जास्तीत जास्त किती टाकू देता आणि मोजतं कोण?" हे विचारा. उत्तर तयार असेल तर कोच विचार करणारा आहे. "दुखायला लागलं की ती सांगतेच" असं उत्तर आलं तर नको. नऊ वर्षांच्या मुली सांगत नाहीत. टीमसाठी दात ओठ चावून टाकत राहतात आणि सोमवारी आईला केसांची वेणी घालताना कळतं की हात वर जात नाहीये.

दुसरं, बारा महिने एकच खेळ नको. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिऍट्रिक्सने २०१६ च्या रिपोर्टमध्ये सांगितलंय की एकाच खेळाला वाहून घेणं साधारण १५-१६ वर्षांपर्यंत लांबवावं, आठवड्यात एक-दोन दिवस सुट्टी असावी आणि आपल्या मुख्य खेळापासून वर्षात एकूण तीन महिने तरी विश्रांती, महिना महिना करून घेतली तरी चालेल. टीमला विचारा की हिवाळ्यात बास्केटबॉल किंवा पोहायला जायचं असेल तर चालतं का. काही टीम तोंडाने हो म्हणतात आणि मग प्रॅक्टिस चुकली म्हणून रविवारी बसवतात.

आणि हे सगळ्यात आधी विचारायचं खरं तर: कोचचं बॅकग्राउंड चेक आणि सेफस्पोर्टचं (खेळात मुलांचा छळ-गैरवर्तन रोखण्याचं) ट्रेनिंग झालंय का? यूएसए सॉफ्टबॉलकडे रजिस्टर झालेल्या कोचला ते लागतंच, पण टूर्नामेंट भरवणाऱ्या इतर संस्थाही आहेत आणि सगळ्यांचे नियम सारखे नाहीत. यूएस सेंटर फॉर सेफस्पोर्टची शिस्तभंगाची यादी ऑनलाइन सगळ्यांना खुली आहे, नाव टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. कोचने मुलीला एकटीला मेसेज करायचा नाही, मेसेजमध्ये आई-बाबा असलेच पाहिजेत, हा नियम टीममध्ये आहे का तेही विचारा. चांगला कोच या प्रश्नाने दुखावला जात नाही.

मनस्विनी_क

+१ शिल्पा. हे कोणी विचारत नाही, सगळे जर्सीचा रंग विचारतात.

तिसरा_बेस

ते "कॉलेज पाथवे" राहिलंच. मोठी मुलगी अकरावीत आहे आमची, त्यामुळे यातून जातोय सध्या. एनसीएएच्या (कॉलेजच्या खेळांची संस्था) नियमाप्रमाणे डिव्हिजन वनच्या (सगळ्यात वरच्या गटातल्या कॉलेजांच्या) सॉफ्टबॉल कोचला अकरावीच्या वर्षाच्या १ सप्टेंबरपर्यंत मुलीशी रिक्रूटिंगबद्दल बोलताच येत नाही. हा नियम २०१८ पासून आहे, त्याआधी सातवी-आठवीतल्या पोरींकडून तोंडी होकार घेत होते, ते बंद करायला आणला. म्हणजे तुमच्या लेकीशी कॉलेजचा कोच बोलायला अजून सातेक वर्षं आहेत. आणि स्कॉलरशिपची आशा दाखवत असतील तर डिव्हिजन वनमध्ये वर्षानुवर्षं एका टीमला १२ स्कॉलरशिपची मर्यादा होती आणि त्या २० एक मुलींमध्ये वाटून द्यायचे. २०२५ मध्ये ते नियम बदलले, पण फी भरून भरून फुकट कॉलेज मिळेल हा हिशोब तेव्हाही जमत नव्हता. १०-यूच्या पालकांना हे प्रेझेंटेशन म्हणजे नुसतं गिऱ्हाईक पटवणं आहे.

ओवीची_आई

बाप रे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल-परवा हेच करत होते.

क्लबला फोन केला. तिसऱ्या टीमला कोच कोण, तर "वी आर फायनलायझिंग". काका, तुमचाच शब्द. १४ मुली घेणार. प्रॅक्टिस बघता येईल का विचारलं तर म्हणाले डिपॉझिट भरलं की टीमची ओळख-संध्याकाळ आहे तेव्हा या. ठीके.

दुसऱ्या टीमच्या कोचला टेक्स्ट केलं तर म्हणाला आज संध्याकाळीच या, खुर्ची आणा, डास आहेत. गेलो तिघं. गट करून चाललं होतं सगळं, तीन ठिकाणी. एक बारकी मुलगी पॉप-फ्लायच्या (उंच उडालेल्या बॉलच्या) खाली उभी राहून दोन्ही हातांनी डोकं झाकत होती, बॉल आला की बसायचीच खाली. कोच तिच्याजवळ गेला, खिशातून टेनिस बॉल काढला, तोच वर उडवत राहिला आणि तिला म्हणाला झेलू नकोस, फक्त कपाळाने अडव. पोरगी हसायला लागली. पाच-सात वेळा टेनिस बॉल कपाळावर टप्प टप्प घेतल्यावर मग ग्लव्ह दिला, आणि झेलायला लागली. आमचे हे इतका वेळ फोनमध्ये होते ते फोन ठेवून बघायला लागले.

मग मी यादी काढली आणि सगळे प्रश्न विचारले, अगदी बॅकग्राउंड चेकपासून. कोच म्हणाला झालंय, आणि मोबाईलवर दाखवलंसुद्धा. मेसेज सगळे पालकांच्या ग्रुपवरच. मॅचमध्ये पिचिंगचं विचारल्यावर जरा थांबला आणि सरळ म्हणाला, माझी मुलगी पहिली पिचर आहे, दुसरी एक आहे, तुमची तिसरी असेल. पूल प्लेमध्ये तिला इनिंग देईन, ब्रॅकेटमध्ये या वर्षी देईन असं वचन देत नाही. लेसनला जाणार असाल तरच. इनिंग एक आई वहीत लिहिते, तिने वही दाखवली. हिवाळ्यात शाळेची जिम मिळते पण आठवड्यातून एकदाच, ती बाजू लंगडी आहे. बास्केटबॉलला हरकत नाही.

गाडीत लेक म्हणाली कोच फनी आहे, पण मैत्रिणी नाहीत. मग पाच मिनिटं गप्प. मग म्हणाली त्या कॅचर मुलीचे बूट जांभळे होते. मला वाटतं होईल.

तर दोन नंबर करतोय असं दिसतंय. आता दोन शंका. एक, मैत्रिणींच्या आयांना कसं सांगायचं, शाळेत रोज भेटतात. दोन, बॅट. कोच म्हणाला नवीन घ्या, दुकानात ४०० डॉलरची बॅट बघून पोटात गोळा आला.

मनस्विनी_क

आयांना आजच सांगा, गोल गोल न बोलता. "हिला पिचिंग करायचंय आणि तिथे ११ च मुली आहेत" एवढं पुरे, कोणाच्या टीमला नावं ठेवायची नाहीत. त्यांची टीम उभी राहिली आणि एखाद्या वीकेंडला मुली कमी पडल्या तर गेस्ट प्लेअर म्हणून पाठवू म्हणावं, नियमात बसत असेल तर. मैत्रीही राहते. आणि फॉलचा सीझन संपला की सगळ्यांना घरी बोलवा.

डगआउट_काका

अभिनंदन. "वचन देत नाही" म्हणणारा कोच मिळाला, बरं झालं. जिमचं एकदाच असेल तर पिचिंगचा लेसन हिवाळ्यातच सुरू करा, ती कसर तिथे भरून निघेल.

क्लबला आजच दोन ओळींची ईमेल टाका, थँक यू, आम्ही दुसरीकडे जातोय. उत्तर न देता लटकवू नका, त्या जागेसाठी दुसरी मुलगी वाट बघत असते आणि हे जग लहान आहे, पुढच्या ऑगस्टला तेच चेहरे परत समोर येतात.

बॅट आत्ता अजिबात घेऊ नका. टीममधल्या मुलींच्या बॅगा उघड्याच असतात, पहिल्या दोन-तीन प्रॅक्टिसला चार जणींच्या बॅट हातात घेऊन बघू दे. तिच्या वयाला साधारण २८-२९ इंची आणि ड्रॉप (इंचातली लांबी वजा औंसातलं वजन) ११-१२ म्हणजे हलकी चालते. हात सरळ आडवा धरून बॅट एका हाताने अर्धा मिनिट धरता आली पाहिजे, दांडा खाली झुकायला लागला तर जड आहे. मागच्या वर्षीचं मॉडेल किंवा वापरलेली घ्या, पोरी वर्षात उंच होतात आणि बॅटा पडून राहतात, पालकांच्या ग्रुपवर विचारलंत तर दोन जणी विकायला बसलेल्या असतील. फक्त बॅटवर शिक्के बघा, यूएसए सॉफ्टबॉल आणि यूएसएसएसए (टूर्नामेंट भरवणारी दुसरी संस्था) दोन्हीचे असलेले बरे, टीम कुठल्या संस्थेच्या टूर्नामेंट खेळते त्याप्रमाणे अंपायर तपासतो. कंपोझिट असेल तर तडा गेलाय का तेही बघा, नखाने टिचकी मारली की बद्द आवाज येतो. आणि बेसबॉलची नको, दुकानातला पोरगा देतो कधी कधी.

वाचलेल्या पैशातून फिल्डिंगचा फेस मास्क घ्या. पिचर ३५ फुटांवर उभी असते आणि बॉल परत तिच्याच तोंडावर येतो.

ओवीची_आई

मास्क आत्ताच ऑर्डर केला. जांभळा.